जपून ठेवलेली दाढ

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी बेसिनमध्ये रक्त दिसलं. थेंब एकच होता. बाथरूममध्ये त्या वेळी माझ्याशिवाय कोणी नव्हतं, तेव्हा रक्त माझंच असणार हे उघड होतं. तरी खातरजमा केल्याशिवाय काही जाहीर करू नये या मताचा मी असल्यामुळे आधी हाताची बोटं तपासली, मग हनुवटी, आणि शेवटी तोंड उघडून आरशात पाहिलं. उजवीकडे, खालच्या जबड्यात, जी दाढ मूळची माझी नाही तिच्या भोवतीची हिरडी लाल होऊन फुगली होती. हातातल्या ओल्या कापसाच्या बोळ्यालाही तोच रंग लागला होता.

कापसाच्या बोळ्याचा खुलासा इथेच केलेला बरा, कारण पुढे त्यावरून बराच गदारोळ झाला. ती दाढ म्हणजे इंप्लांट. हाडात धातूचा स्क्रू आणि त्यावर दाढेच्या आकाराची टोपी. अशी वस्तू तोंडात बसवून घेतल्यावर माणसाने ती जपायला नको का? मी जपली. बाकीचे दात ब्रशने घासायचो. ते काय, आपोआप उगवलेले. या दाढेला मात्र तीन वर्षांत ब्रशचा केसही लागू दिला नाही. रोज सकाळी कापूस ओला करून चष्म्याची काच पुसावी तशी ती वरून हलकेच पुसून घ्यायचो. त्या बाजूने चावायचोही नाही. सफरचंद असो की भाकरीचा कडक पापुद्रा, सगळं डावीकडे. हसताना ती दाढ दिसत नाही हे खरं आहे. पण ती आहे, नवी आहे आणि झिजलेली नाही, एवढं समाधान मला पुरेसं होतं.

आमच्या घरात हे काही जगावेगळं नव्हे. टीव्हीचा रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत असतो. दाबून दाबून पिशवी आंधळी झाली आहे, आत रिमोट कोरा करकरीत आहे. सोफ्याला कव्हर आहे, कव्हरवर चादर आहे, आणि चादर मळू नये म्हणून आम्ही खुर्च्यांवर बसतो. शोकेसमध्ये निळ्या फुलांच्या सहा कपांचा सेट आहे. लग्नात आला होता. त्यातून अजून कोणी चहा प्यायलेला नाही. तेवढ्या योग्यतेचा पाहुणा यायचा आहे.

"अगं, रक्त आलंय," मी बाथरूमच्या दारातून सांगितलं.

"कुठून?"

"तिथून."

आमच्याकडे 'तिथून' म्हटलं की इंप्लांटच. बायकोने गॅस बारीक केला, हात पुसले आणि माझ्या तोंडात मोबाइलचा उजेड पाडला. मग म्हणाली, "बरं झालं, मी अजून फोन केला नव्हता."

हे वाक्य मला रक्तापेक्षा जास्त लागलं. दीड वर्षापूर्वी तिची डावीकडची दाढ काढावी लागली. तिथे इंप्लांट बसवून घे म्हणून मी तिच्या मागे लागलो होतो आणि ती "तुमचं कसं राहतंय ते बघू" म्हणून ढकलत होती. तिच्या दृष्टीने मी म्हणजे दुकानाबाहेर ठेवलेला नमुना. दीड वर्ष नमुना पाहून अखेर ती तयार झाली होती आणि त्याच दिवशी दवाखान्यात फोन करणार होती. तिला भाजलेल्या शेंगदाण्यांचं वेड. पूर्वी पुस्तक उघडलं की शेजारी वाटी, आणि पान उलटण्याआधी वाटी रिकामी. दाढ गेल्यापासून ती शेंगदाणे खलबत्त्यात कुटते आणि भुकटी चमच्याने खाते, औषध घ्यावं तशी. ते मला बघवत नाही. थोडक्यात परिस्थिती अशी होती: माझी दाढ टिकली तर तिची होणार होती. माझी निघाली तर विषय कायमचा संपणार होता.

"एक थेंब तर आहे," मी म्हणालो.

"सुरुवात थेंबानेच होते," ती म्हणाली आणि गॅस मोठा केला.

साडेनऊपर्यंत बातमी इमारतभर झाली. ती कोणी फोडली याचा तपास लागलेला नाही. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यातच मिठाचं पाणी सांगितलं आणि वर लवंगेचं तेल सांगितलं. दोन्ही एकत्र की आलटून पालटून, यावर त्यांचं स्वतःशीच एकमत होईना. ऑफिसातल्या शेजारच्या टेबलवाल्याने फोनवर धीर दिला, "काढून टाका हो. माझ्या सासऱ्यांनी सगळेच काढले. आता किती शांत असतात!"

पण खरा सल्ला यायचा होता तो समोरच्या दारातून. तिथे आमचे पायावाले राहतात. हे त्यांचं नाव नव्हे. आयुष्यभर त्यांनी मोठमोठ्या इमारतींचे पाये तपासले आणि निवृत्त झाल्यावरही ती नजर गेली नाही. कोणाच्याही घरी गेले की आधी कोपऱ्यांकडे बघतात. आमच्या मुलीच्या साखरपुड्यात त्यांनी व्याह्यांना पहिला प्रश्न विचारला होता, "तुमच्याकडे ओल कितपत आहे?"

"दुखतंय का?" पायावाल्यांनी खुर्ची ओढत विचारलं.

"अजिबात नाही."

"वाईट," ते म्हणाले. "दुखतं ते ओरडून सांगतं. खचतं ते गप्प बसतं."

"अहो, स्क्रू चांगला घट्ट आहे. हलवून बघितलाय मी."

"स्क्रूला काय धाड भरलीय? तो धातूचा आहे. प्रश्न तो ज्यात उभा आहे त्याचा." त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि ती भिंतीवर स्थिरावली. "हा बघा. हा खिळा घट्ट आहे की नाही?"

त्या खिळ्यावर माझ्या सासऱ्यांचा फोटो होता. मी घट्ट आहे म्हणालो. माणसाने आपल्याच भिंतीबद्दल दुसरं काय म्हणावं! पायावाले उठले, फोटोच्या मागे बोट घालून त्यांनी खिळा नुसता चाचपला, आणि खिळा, फोटो आणि तळहाताएवढं प्लॅस्टर असे तिघे एकदम खाली आले. फोटो पायावाल्यांनी वरच्यावर झेलला, हे नमूद केलं पाहिजे. काचेला मात्र एक चीर गेली.

पायावाल्यांनी खिळा उचलून मला दाखवला. तो सरळ होता, चकचकीत होता, त्याला काहीही झालेलं नव्हतं.

"बघा," ते समाधानाने म्हणाले. "खिळा शाबूत. भिंत गेली."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने वडिलांचा फोटो घेतला, पुसला आणि दुसरीकडे कुठे जागा नव्हती म्हणून सोफ्यावर टेकवून ठेवला. आमच्या सोफ्यावर बसलेले ते पहिलेच.

माझं इंप्लांट ज्यांनी बसवलं ते वयस्क डॉक्टर मध्यंतरी दवाखाना बंद करून मुलीकडे राहायला गेले होते. त्यांच्या जागी आता चष्म्यांचं दुकान आहे. तेव्हा मी हिरड्यांच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बायको सोबत आली. काळजीने आली की निकाल ऐकायला, हे तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

डॉक्टरीणबाई वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी "काका, आ करा" असं म्हटलं तिथेच माझी निम्मी उंची कमी झाली. अजून माझे केस जागेवर आहेत. मग त्यांनी एक बारीक, आकड्यांच्या खुणा असलेली सळई हिरडी आणि दाढ यांच्या मधे हलकेच सरकवली आणि सहायक मुलीला आकडे सांगू लागल्या.

"तीन. चार. सात. सहा."

सात ऐकून मला बरं वाटलं. शाळेत गणिताला एवढे कधी मिळाले नव्हते. सहाही वाईट नव्हते. मग त्या म्हणाल्या, "रक्त आहे. पस पण आहे," आणि माझ्या लक्षात आलं की हे गुण नव्हते.

"हे मिलिमीटर आहेत, काका. हिरडी किती खोल सुटलीय ते. जास्त म्हणजे वाईट. तुम्ही ही दाढ घासता कशी?"

तोंडात सळई असताना माणसाला फार सफाईने बोलता येत नाही, पण मी अभिमानाने कापसाची पद्धत सांगितली. चष्म्याच्या काचेचं उदाहरणही दिलं.

डॉक्टरीणबाईंनी सळई बाहेर काढली. "म्हणजे ब्रश?"

"नाही! लावलाच नाही."

"कधीच?"

"आजतागायत."

"आणि दातांच्या मधून दोरा वगैरे?"

"अहो, नवी वस्तू आहे," मी म्हणालो. "दोरा काय घालता त्यात!"

सहायक मुलगी कपाटात काहीतरी शोधायला वळली. तिचे खांदे हलत होते. बायकोने छताकडे पाहिलं. मी इतक्या वर्षांत निष्काळजी हा शब्द कोणाकडून ऐकून घेतलेला नाही. घराला कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघणारा माणूस आहे मी. पण डॉक्टरीणबाईंनी तो शब्द उच्चारलाही नाही. त्यांनी फक्त एक्स-रे काढला आणि पडद्यावर दाखवला. तो शब्द ऐकला असता तर परवडलं असतं.

काळ्या-करड्या चित्रात स्क्रू अगदी ताठ उभा होता. त्याच्या भोवतीचं हाड मात्र वरच्या बाजूला खोलगट झालं होतं. एखाद्या बशीच्या मधोमध खांब रोवावा तसं.

"खऱ्या दाताच्या मुळाच्या आणि हाडाच्या मधे बारीक धाग्यांची गादी असते," त्या समजावू लागल्या. "इंप्लांटला ती नसते. ते थेट हाडात. कडेने घाण साठली की आधी हिरडी सुजते. तेवढ्यावर पकडलं तर साफसफाईने सगळं पूर्ववत होतं. नाही पकडलं तर सूज खाली उतरते आणि हाड खायला लागते. आणि तोपर्यंत दुखत नाही, म्हणून कोणी येत नाही."

"खिळा शाबूत, भिंत गेली," बायको हळूच म्हणाली.

"अगदी बरोबर, काकू! कुठे वाचलंत?"

"आमच्याकडे झालं," बायको म्हणाली.

पुढची अडचण अशी. हाड गेलं असं म्हणायला ते आधी कुठपर्यंत होतं हे माहीत हवं. म्हणजे बसवलं तेव्हाचा एक्स-रे हवा. शिवाय आतून साफ करायला वरची टोपी उघडायची, तर तिचा स्क्रू काढायला त्याच कंपनीचा पेचकस लागतो. दुसऱ्या कंपनीचा घातला तर डोकं गुळगुळीत होतं आणि मग टोपी फोडावी लागते. 'फोडावी' हा शब्द त्यांनी सहज वापरला. मी उजव्या गालावर हात ठेवला.

मी बाहेरच्या बाकावर बसून जुन्या डॉक्टरांना फोन लावला. ते बागेत पाणी घालत होते. आवाज येत होता.

"अरे वा, तुम्ही! कशी आहे दाढ?"

मी परिस्थिती सांगितली.

"कंपनीचं नाव ना? ते डबीवर असतं. ती रिकामी डबी तुमच्या मिसेसनी मागून नेली होती. छान आहे म्हणाल्या. आणि तेव्हाची छोटी फिल्मही दिली होती त्यांच्याकडेच. पण काय हो, तुम्ही रोज नीट घासताय ना?"

नेमकी त्याच वेळी फोनची लाइन कमजोर झाली असावी. मला पुढचं काही ऐकू आलं नाही, असं मी त्यांना मोठ्याने सांगितलं आणि फोन ठेवला.

आमचा माळा हे एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात टीव्हीचं खोकं आहे, फ्रिजचं खोकं आहे, ज्या पंख्याला भंगारात जाऊन जमाना झाला त्याचंही खोकं आहे. कारण 'खोकं असलेलं बरं'. मी स्टुलावर चढलो आणि एकेक उघडू लागलो. मिक्सरच्या खोक्यात इस्त्रीचं खोकं होतं, इस्त्रीच्या खोक्यात घड्याळाचं, घड्याळाच्या खोक्यात थर्माकोल, तोही नीट बांधून ठेवलेला. धुळीने मला शिंका येऊ लागल्या. पायावाले खाली स्टूल धरून उभे होते आणि स्टुलाच्या चौथ्या पायाबद्दल शंका व्यक्त करत होते. त्यांच्या शंका बहुधा रास्त असतात. शंका व्यक्त करताना ते दाखवायला म्हणून तो पाय हलवतात, एवढाच त्यांचा दोष. मी माळ्याच्या कठड्याला लटकलो आणि पंख्याचं खोकं त्यांच्या डोक्यावर पडलं. सुदैवाने रिकामं होतं.

आवाज ऐकून बायको आली. "काय शोधताय एवढं?"

"ती डबी!" मी लटकल्या अवस्थेत म्हणालो. "इंप्लांटची. डॉक्टरांकडून मागून आणलेली."

"सुयांची होय?" ती म्हणाली, टेबलाचा खण उघडला आणि डबी काढली. "आधी विचारायचं नाही का?"

पारदर्शक, नळीसारखी, सुबक डबी. बाहेरचं लेबल जसंच्या तसं. त्यावर कंपनीचं नाव आणि आकार. आत एका बाजूला सुया, एका बाजूला टाचण्या, आणि दोघी एकमेकींत मिसळू नयेत म्हणून मधे पडद्यासारखी उभी केलेली करडी चौकोनी फिल्म. माझा तीन वर्षांपूर्वीचा जबडा.

"टाकायचं जिवावर आलं," बायको म्हणाली.

या घरातल्या जपून ठेवण्याने दाढ घालवली असेल. पण तिचा पत्ताही जपून ठेवण्यानेच लागला. मी हे वाक्य तयार करून ठेवलं होतं, पण कठड्यावरून खाली उतरेपर्यंत ते बोलण्याची वेळ निघून गेली.

डॉक्टरीणबाईंनी फिल्म उजेडावर धरली. सुयांनी तिच्यावर असंख्य ओरखडे काढले होते. पावसात भिजलेल्या वर्तमानपत्रातून बातमी काढावी तसं त्यांनी त्यातून हाड शोधलं. "इथे होतं. अगदी मानेपर्यंत. आता इथे आहे." दोन बोटांमधलं अंतर फार नव्हतं, पण बायकोने ते पाहिलं. हाडाची गालाकडची बाजू साध्या एक्स-रेत दिसत नाही, म्हणून त्यांनी जबडा सगळ्या बाजूंनी दिसेल असा स्कॅन सांगितला.

स्कॅनच्या केंद्रात अनेक यंत्रं आणि एक खिडकी. खिडकीमागे एक शांत गृहस्थ आणि त्यांच्यापुढे सगळ्या यंत्रांना चालणारा एकच फॉर्म. त्यात प्रश्न: शरीरात धातू आहे का? मी लिहिलं, आहे. खोटं कशाला लिहू?

"मग स्कॅन होणार नाही," गृहस्थ म्हणाले. "धातू काढून या."

"अहो, पण तो धातू काढायचा की ठेवायचा, हेच स्कॅनवरून ठरणार आहे."

"ते ठरल्यावर या."

"ठरवण्यासाठीच आलोय!"

"हो, पण धातू घेऊन आलाय ना," ते सौम्यपणे म्हणाले. या माणसाचा आवाज शेवटपर्यंत चढला नाही, आणि त्यामुळे माझाच चढलेला दिसत होता.

मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या की तो नियम चुंबकाच्या मोठ्या यंत्राचा आहे, या यंत्राला धातूचं काही नाही. मी ते खिडकीत सांगितलं. गृहस्थांनी आत विचारून येतो म्हणून खिडकी लावली. सोबत आलेल्या पायावाल्यांनी तेवढ्यात रांगेतल्या सर्वांना माझ्या जबड्याची पायाभरणी समजावून सांगितली. दोघातिघांनी माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं. खिडकी उघडली.

"चालेल म्हणतात. पण 'हरकत नाही' असं लिहून सही करावी लागेल."

"कोणाची हरकत नाही?"

त्यांनी फॉर्म उलटसुलट पाहिला. "ते दिलेलं नाही."

मी लिहिलं: 'धातू आहे. धातूची हरकत नाही.' त्यांनी ते वाचलं, शिक्का मारला आणि प्रसन्नपणे आत पाठवलं. आतल्या मुलाने चष्मा काढायला लावला, घड्याळ काढायला लावलं, आणि कंबरेचा पट्टाही. जबड्याच्या फोटोशी पट्ट्याचा काय संबंध, हे मी विचारलं नाही. एव्हाना माझ्यात विचारण्याची ताकद उरली नव्हती. हनुवटी एका खोबणीत, दातांत एक काडी, दोन्ही हातांनी पॅन्ट धरलेली, अशा अवस्थेत मी उभा असताना यंत्र माझ्या डोक्याभोवती एक फेरी मारून गेलं.

स्कॅनवर गालाकडची भिंत पातळ पण उभी होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आधी शस्त्रक्रिया न करता बघू."

ठरल्या दिवशी त्यांनी त्या कंपनीचा पेचकस मागवून आणला होता. टोपी उघडली. खालून जो वास आला त्याचं वर्णन करत नाही. मास्क घातलेली माणसं मागे सरकली, एवढं पुरे. मग प्लॅस्टिकच्या टोकाचं एक यंत्र किणकिणत फिरलं, बारीक पावडरीचा फवारा झाला, औषधाच्या पाण्याने आत धुतलं गेलं. गाल बधिर होता, त्यामुळे मला काही कळत नव्हतं. मी छतावरच्या पंख्याचं खोकं या लोकांनी ठेवलं असेल का, याचा विचार करत होतो. टोपीही स्वच्छ करून परत बसवली. साफ झालेली ती दाढ मी जिभेने चाचपली. तीन वर्षांत पहिल्यांदाच ती नवी वाटली.

"गेलेलं हाड आपोआप परत येत नाही," हात धुताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आहे ते राखायचं. सूज उतरली, खोली कमी झाली, तर जिंकलो. नाही तर हिरडी उघडून आतून साफ करावं लागेल. तरीही जमलं नाही तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं.

"काढावं लागेल," बायकोने पूर्ण केलं. मग तिने विचारलं, "म्हणजे यांनी वापरलं नाही म्हणून बिघडलं का हो?"

"वापरलं नाही म्हणून नाही, काकू. घासलं नाही म्हणून. वापरायचं तर होतंच. चावायलाच बसवलंय ना ते."

 

मला बाटली धुवायच्या ब्रशची नक्कल वाटावी असा एक इवलासा ब्रश मिळाला होता, दाढांच्या फटीत फिरवायला. सुंदर होता. स्वतःच्या टोपणासह. घरी आल्यावर मी तो कुठे ठेवावा याचा विचार करत शोकेससमोर उभा राहिलो, तेव्हा मागून आवाज आला, "अहो. बाथरूममध्ये."

पहिल्या दिवशी ब्रश फिरवला आणि रक्त आलं. मी हबकून थांबलो आणि दवाखान्यात फोन केला. उत्तर मिळालं, रक्त येतं म्हणूनच फिरवायचा. हे तर्कशास्त्र मला अजून पचलेलं नाही, पण मी फिरवत राहिलो. खालच्या काकूंचं मिठाचं पाणी त्यांच्या समाधानासाठी जिन्यात ऐकू जाईल इतक्या मोठ्याने खुळखुळवत राहिलो. हळूहळू रक्त टिपायला कापूस लागेनासा झाला.

घरात आणखी एक बदल झाला, त्याबद्दल मला कोणी विचारलं नव्हतं. एका संध्याकाळी चहा निळ्या फुलांच्या कपात आला. मी दाराकडे पाहिलं.

"कोण आलंय?"

"कोणी नाही," बायको म्हणाली. "आपणच."

मी कप दोन्ही हातांनी धरला. इतक्या वर्षांत कानाचा जोड वाळून गेला असावा. दुसऱ्या घोटाला कान माझ्या बोटात राहिला आणि कप मांडीवर आला. बायकोने माझ्याकडे, मग कानाकडे पाहिलं, आणि उठून दुसरा कप काढला. सासरे सोफ्यावरून पाहत होते. त्यांच्या मागची चादर त्या आठवड्यात निघाली, कव्हर राहिलं.

गेल्या मंगळवारी फेरतपासणी झाली. सळई पुन्हा सरकली आणि आकडे आले.

"तीन. तीन. चार. पाच."

या वेळी मला अर्थ माहीत होता. पाच ऐकून मी डोळे मिटले.

"पस नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रक्त एका ठिकाणी, थोडंसं. एक्स-रेत हाड तेवढंच आहे."

"म्हणजे राहिलं?" बायकोने विचारलं. ती खुर्चीच्या अगदी जवळ येऊन उभी होती.

"आज राहिलंय. ते पाच अजून खाली यायला हवेत. परत बघू, मगच सांगता येईल."

"पण साधारण?"

"साधारण काही नसतं, काकू. एक तर हाड थांबतं, नाही तर सरकतं. सध्या थांबलंय."

मी बाहेर येऊन बूट घालत होतो. काचेच्या दारातून बायको सहायक मुलीच्या टेबलाशी उभी दिसत होती. ती काहीतरी विचारत होती आणि स्वतःच्या डाव्या गालावर बोट ठेवून दाखवत होती. बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय म्हणाली?" ती म्हणाली, "काही नाही, चला." घरी पोचल्यावर पायावाल्यांनी दारातच निकाल विचारला. मी सांगितला. त्यांनी मान हलवली आणि भिंतीतल्या खड्ड्यात बोट घालून पाहिलं. तोही तेवढाच आहे, म्हणाले.

त्या संध्याकाळी बायकोने शेंगदाणे भाजले. माझ्यापुढे वाटी ठेवली आणि म्हणाली, "उजवीकडून." मी एक उजवीकडे टाकला आणि चावला. काही झालं नाही. शेंगदाणा फुटला. ती माझ्या जबड्याकडे बघत होती, मग तिने आपली वाटी ओढली. तिच्यात भुकटीच होती.

आज सकाळी सात वाजता बेसिनपाशी गेलो. रक्त नव्हतं. ब्रशच्या पेल्यात माझ्या छोट्या ब्रशशेजारी तसाच दुसरा एक होता, वेगळ्या रंगाचा. तो केव्हा आणला हे मला माहीत नाही आणि मी विचारलेलं नाही. हे लिहीपर्यंत त्याचं वेष्टन काढलेलं नव्हतं.